उ. कोरडेपणात प्रार्थना सोडावी का?

एका वाचकाने विचारलंय की रोज प्रार्थना होते, पण देव आहे असं वाटतच नाही, तर काही दिवस थांबावं का?

थांबू नका, आणि पद्धतही आत्ता बदलू नका. ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोलाने (१४९१–१५५६) नेमकं हेच सांगितलंय: मन कोरडं असताना आधीचा निश्चय मोडायचा नाही. उलट ठरल्या वेळेपेक्षा किंचित जास्त बसायचं. म्हणजे पंधरा मिनिटांची बैठक असेल तर सोळा, तीस नव्हे. जोशात वेळ दुप्पट केला की आठवड्याभरात सगळंच सुटतं.

बहुतेकांचं बिनसतं ते एकाच ठिकाणी. दर दोन मिनिटांनी आत डोकावून बघतात, 'काही जाणवतंय का?' तिथे लक्ष देवावरून उडून स्वतःवर येतं. ते ध्यानात आलं की चिडू नका, एक श्वास घ्या आणि प्रार्थनेच्या त्याच ओळीवर परत या. वीसदा यावं लागलं तरी चालेल.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर उसने घ्या, मोठ्याने वाचा. तक्रारसुद्धा चालते, बायबलमधलं ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तुकोबा तर विठ्ठलाशी सरळ भांडतात.

एक मात्र तपासा. फक्त प्रार्थनाच कोरडी आहे, की जेवण, झोप, माणसं सगळंच नकोसं झालंय? दुसरं असेल आणि दोन आठवडे टिकलं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. प्रार्थना सोबत चालू राहू द्या, हवी तर पाच मिनिटांची.