मदत हवी आहे: सोसायटीच्या बायोगॅस संयंत्रातील गॅस पेटत नाही

नमस्कार.

कोथरूडमधील आमच्या ९६ सदनिकांच्या सोसायटीत चार वर्षांपासून तरंगत्या टाकीचे बायोगॅस संयंत्र आहे. कचरा जिच्यात कुजतो ती पाचक टाकी ५,००० लिटरची असून रोज सुमारे ६० किलो ओला कचरा क्रशरमधून काढून, तेवढ्याच पाण्यात कालवून आम्ही तिच्यात सोडतो. दिवाळीपर्यंत रोज साधारण पाच घनमीटर गॅस मिळत असे. म्हणजे आठवड्याला जवळपास एका घरगुती सिलिंडरचे काम होई आणि आवारात राहणाऱ्या तीन सुरक्षारक्षकांच्या कुटुंबांचा स्वयंपाक त्यावर चाले. आता गॅस साठवणारी वरची तरंगती टाकी थोडीफार उचलली जाते, पण शेगडीला ज्योत धरत नाही आणि बाहेर येणाऱ्या स्लरीला, म्हणजे कुजलेल्या पातळ राड्याला, आंबट, नकोसा वास येतो.

चूक आमचीच आहे. दिवाळीच्या स्नेहभोजनात उरलेला भात, जिलबी आणि श्रीखंड मिळून ऐंशी किलोंच्या आसपास अन्न, वाया जाऊ नये या भावनेने, एकाच दिवशी टाकीत गेले. वाचनातून जे समजले ते असे की, गोड व पिठूळ पदार्थांपासून आम्ल बनवणारे जिवाणू झपाट्याने काम करतात, पण त्या आम्लाचे मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा भाग, करणारे सूक्ष्मजीव संथ असतात. त्यामुळे आम्ल साठत जाते, सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) उतरतो आणि मिथेन बनणे थांबते. आमच्या स्लरीचा सामू ५.४ भरला. त्यातच पुण्याची थंडी सुरू झाली, आणि या सूक्ष्मजीवांना तर ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते.

आतापर्यंत दहा दिवस कचरा टाकणे बंद ठेवले, चुन्याची निवळी थोडी थोडी सोडली आणि गोठ्यातून आणलेले ४० किलो ताजे शेण कालवून घातले. सामू ६.२ पर्यंत चढला आणि तेथेच अडला आहे. लिंबू-मोसंबीच्या साली, अंड्यांची टरफले आणि हाडे यांना आम्ही पूर्वीपासूनच मज्जाव केलेला आहे.

ज्यांनी असे संयंत्र स्वतः चालवले आहे, त्यांनी कृपया सांगावे की चुना आणखी किती वाढवावा, की त्याऐवजी खाण्याचा सोडा बरा. आणि मिश्रणासाठी सौर बंबातील कोमट पाणी वापरल्यास थंडीत खरोखर फरक पडतो का. संयंत्र बसवून देणारा पुरवठादार फोन उचलत नाही. एका कारागिराने टाकीत माणूस उतरवून ती साफ करण्याचा सल्ला दिला, तो मी तत्काळ नाकारला. आत मिथेन आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड असताना कोणालाही खाली उतरवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. या मुद्द्यावर कृपया कोणी वेगळा आग्रह धरू नये.

पुढच्या महिन्यातील सभेत संयंत्र मोडीत काढण्याचा ठराव येणार आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले होते, त्यामुळे काही सभासद गांडूळखताचा पर्याय सुचवतात. खत वाईट नाही, परंतु त्यात चुलीची ऊर्जा हाती लागत नाही. संयंत्रातून मात्र गॅसही मिळतो आणि स्लरी बागेला उपयोगी पडते. शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसला आहे, त्यात आमच्या आवाराची पुन्हा भर पडावी, असे मला मुळीच वाटत नाही.

एक विनंती आणखी. कोथरूड, कर्वेनगर किंवा वारजे परिसरात कोणाचे संयंत्र व्यवस्थित चालू असेल, तर त्यातील सुमारे ५०० लिटर स्लरी विरजण म्हणून मिळेल का? झाकणाची पिंपे आणि टेम्पो आमचा असेल. रविवारी सकाळी, सांगाल त्या वेळेला येऊ.