मदत हवी आहे: माडीच्या सागवानी तक्तपोशीवर तेल चिकट राहिलंय

मंडळी, आमचं घर राजापूर तालुक्यात. मंगलोरी कौलं, खाली माजघर, वर माडी आणि माडीला सागवानी फळ्यांची तक्तपोशी, म्हणजे लाकडी जमीन. आजी होती तोवर दरवर्षी उन्हाळ्यात तीवर जुन्या सुती लुगड्याच्या बोळ्याने तेलाचा हात फिरायचा. फिनाईलची बादली ती वर चढू द्यायची नाही. नंतर घर तीन वर्षं बंद राहिलं. कौलं फुटून पाणी आलं आणि लोखंडी ट्रंकेखाली काळं चौकोनी वळ उमटलं. खिळ्यांभोवतीही काळे ठिपके आहेत.

यंदा मेअखेरीस मी रंगाच्या दुकानातून बेल तेल (उकळलेलं जवसाचं) आणलं. लाकूड कोरडंठाक दिसत होतं, म्हणून ब्रशने दोन जाड हात दिले आणि पुसलं नाही. फटींतून ते खाली माजघरातही ठिबकलं. पावसाळाभर जमीन चिकटच राहिली. आता त्यावर धूळ बसली आहे, कोपऱ्यात बुरशीही दिसते.

सुतारकाका म्हणतात, मशीनने घासून पीयू (पॉलियुरेथेनचा वार्निशसारखा थर) मारू. मला ते नको आहे. फळ्यांवर हातरंध्याच्या खुणा आहेत, अनवाणी चालताना त्या तळव्याला जाणवतात. मशीनखाली त्या जातील. हे तेल कसं काढू? काळे डाग जातील का?

प्रतिसाद १
पीयू नको हे अगदी बरोबर. तेल मुरलेल्या लाकडाला तो नीट धरत नाही. शिवाय कोकणात फळ्या पावसात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. सांध्यांवर थर तडकतो आणि मग सगळीच जमीन पुन्हा घासावी लागते. तेलाच्या जमिनीवर खराब झाला तेवढाच तुकडा दुरुस्त करता येतो.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं. थर जाड असला की वर साय धरते, खाली ओलं राहतं. म्हणून दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की टर्पेंटाइन आणि घासणीने रेषांच्या दिशेने घासा, लगेच सुती कापडाने पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, खाली चूल पेटती नको. साय फार घट्ट असेल तिथे जुने सुतार काचेच्या तुकड्याने खरवडतात तसं करा, मग 120 नंबरचा पॉलिश पेपर हाताने.

काळा डाग म्हणजे लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य), लोखंड आणि पाणी यांचा मेळ. त्यावर ऑक्झॅलिक अॅसिड चालतं. आधी तिथलं तेल पूर्ण काढा, नाहीतर अॅसिड आत शिरणार नाही. गरम पाण्यात विरघळवा, प्लास्टिकचं भांडं, हातमोजे, नंतर स्वच्छ पाण्याने दोनतीनदा पुसणं. विषारी आहे, मुलं लांब ठेवा. पहिला प्रयोग ट्रंकेच्या जागी नको, दाराआडच्या फळीवर करा.

पूर्ण सुकल्यावर तेलात थोडं टर्पेंटाइन मिसळून पातळ हात द्या आणि वीस मिनिटांत उरलेलं सगळं पुसून घ्या. तुमच्या आजी बोळ्याने लावायच्या, त्यात हेच साधत होतं.

प्रतिसाद २
तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका! ते सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. आमच्याकडे दुपारी टाकलेल्या चिंध्यांतून संध्याकाळी धूर निघाला होता. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. चिंध्यांचं मला माहीतच नव्हतं; मेमधल्या अजून जिन्याखाली आहेत, आजच बाहेर काढते. एक राहिलं. वाळवीसाठी शेजारच्या काकांनी काजूच्या टरफलांचं तेल सुचवलंय. ते माडीवर चालेल?

प्रतिसाद १
नको. ते कातडी भाजतं आणि लाकूड काळं करतं. अनवाणी वावरायच्या जमिनीवर तर मुळीच नको.