फ्रीस्टाइलमध्ये दम लागतो, श्वास कसा घ्यायचा?

मळेकरी: वय ४६. पोहायला शिकलो ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. सूर, मुटका, तळापर्यंत बुडी, सगळं येतं. हल्ली मुलीबरोबर टँकवर जातो. २५ मीटरचा टँक, पण डोकं वर ठेवून हात मारत पलीकडे पोचेपर्यंत छाती फुटायची वेळ येते. तोंड पाण्यात घातलं तर श्वास घेताना नाकात पाणी जातं. महिना झाला. मनापासून शिकायचंय. पायांत जोर कमी पडतोय का?

नीलजळ: दादा, जोराचा प्रश्नच नाही. डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, मग तिरकं अंग पाण्यातून रेटावं लागतं. मीही चाळिशीनंतर शिकले, याच जागी अडले होते.

तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास कोंडून धरत असणार. छातीत कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यानेच जीव घाबरा होतो. पाण्यात नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहा, म्हणजे तोंड बाहेर आल्यावर फक्त आत घ्यायचं काम उरतं. नाकात पाणी जाणंही त्यानेच थांबेल. मी आठ दिवस उथळ बाजूला कठडा धरून एवढंच केलं.

आणि मान उचलू नका, अंगासकट कुशीवर वळा. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. पोहताना डोक्याने पाणी दुभंगतं आणि गालाजवळ छोटा खळगा होतो. श्वास त्या खळग्यात मिळतो! पहिल्यांदा तो सापडला तेव्हा मला रडू आलं होतं. तेवढा वेळ पुढचा हात लांबच राहू द्या. तो खाली दाबलात की तोंड बुडालंच.

काठावरचा: पाय गुडघ्यातून सायकलसारखे मारू नका. मांडीपासून हलवा, घोटे सैल सोडा.

मळेकरी: चार दिवस कठड्याला बुडबुडे केले. आज अर्ध्या टँकपर्यंत न थांबता गेलो, दमही लागला नाही. ताई, खळगा उजवीकडे सापडला. डावीकडे वळलो की अजून पाणी जातं.

नीलजळ: किती छान! डावीकडचं राहू द्या आत्ता. उजवीकडूनच अख्खे २५ मीटर होऊ देत, मग इथे नक्की लिहा.