काइटबोर्डिंग: बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा) लावून पट्टा आखावा, की नुसते नियम पुरेत?

खारावारा
काइटबोर्डिंग म्हणजे दोऱ्यांनी धरलेल्या मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने पाण्यावर बोर्डावरून जाणं. सार्वजनिक किनाऱ्यावर काइटला वेगळा पट्टा हवाच, असं माझं मत. कारण एकच, दोऱ्यांची लांबी. साधारण 20 ते 24 मीटर. माणूस एका जागी उभा राहिला तरी त्याची काइट या टोकापासून त्या टोकापर्यंत 40-50 मीटरचा पट्टा झाडून काढते, आणि ताणलेली दोरी कातडीला सुरीसारखी लागते. तेवढ्यात छत्र्या, चटया, किल्ले करणारी पोरं असली तर ‘सांभाळून खेळा’ असा फलक लावून काय होणार? दोन रांगा बोये, मध्ये 100 मीटर, पोहणाऱ्यांची हद्द संपेपर्यंत. आत पोहायचं नाही, बाहेर काइट उडवायची नाही. विषय संपला.

उलटावारा
संपला कसा? बोये जागचे हलत नाहीत, वारा हलतो. किनाऱ्याला समांतर वारा असेल तर तुमचा पट्टा उत्तम. तोच वारा सरळ समुद्राकडून आला की हिशेब करून बघा. बोर्ड वाऱ्याला आडव्या रेषेपासून वाऱ्याच्या तोंडाकडे जेमतेम 20 अंश चढतो असं धरलं, तर 200 मीटर बाहेर पडायला जवळजवळ 600 मीटर कापावे लागतात. 100 मीटरच्या गल्लीत म्हणजे पाच-सहा वळणं, तीही परतणाऱ्यांच्या तोंडावर. मोकळ्या पाण्यात जे लांबून जाऊ शकले असते, त्यांना तुम्ही एका बोळात कोंबताय.
त्यापेक्षा नियम पाळून घ्या. जाण्याच्या दिशेने उजवा हात पुढे असलेल्याला वाट द्यायची. एकमेकांजवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाचा (जिकडून वारा येतो तिकडचा) काइट उंच धरेल, खालचा खाली. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. उडी मारायची तर खालच्या अंगाला 50 मीटर मोकळं हवं. एवढं पाळलं तर बोये कशाला?

ओहोटी
हे सगळे नियम काइटवाल्यांचे आपसातले आहेत. पोहणाऱ्याचं फक्त डोकं पाण्यावर असतं, उजवा हात पुढे की डावा हे त्याला काय कळणार?
पट्टा किती रुंद यापेक्षा तो कुठे, हे आधी ठरवा. तो पोहण्याच्या जागेच्या खालच्या अंगालाच हवा. सुटलेला बोर्ड, सोडून दिलेली काइट, वर चढता न येणारा नवशिका, तिन्ही वाऱ्याबरोबर खाली वाहतात. पट्टा वरच्या अंगाला आखला तर हे सगळं पोहणाऱ्यांत जाऊन पडतं. पार्किंग जवळ पडतं म्हणून नेमकं तेच केलं जातं. आगीतून फुफाट्यात!

बारदांडा
तुम्ही सगळे पाण्यातच अडकलात. खरा घोळ वाळूवर, लाँच (काइट उचलणं) आणि लँडिंगच्या (ती उतरवण्याच्या) वेळी होतो. माझ्या मते नियम करायचाच तर तिथे करा.
डावी-उजवी दोरी उलट बांधली तर काइट उचलताच गरागरा फिरते आणि दर फेरीला जोर धरते. म्हणून धरणाऱ्याने काइट सोडण्याआधी चारही दोऱ्या बारपासून (हातात धरायच्या दांड्यापासून) टोकापर्यंत नजरेने तपासायच्या आणि मगच अंगठा वर करायचा. काइट पाण्याच्या बाजूने उचलायची. वर गेली की सरळ डोक्यावर नेऊन उभं राहू नये. बरेच जण तसंच करतात, कारण तिथे ती शांत वाटते. पण झोत आला की माणूस थेट वर उचलला जातो. पाण्याच्या बाजूला खाली धरली असेल तर फार तर पाण्यात ओढला जाईल. आणि झोत म्हणजे किती? वारा 15 नॉटवरून 21 वर गेला की ओढ जवळजवळ दुप्पट, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.
क्विक रिलीजमध्ये (काइटची ओढ झटकन सोडवायच्या खटक्यात) वाळू शिरली तर ऐन वेळी तो अडकतो. दरवेळी निघण्याआधी एकदा ओढून बघावा. हे कुठल्याच फलकावर नसतं.

खारावारा
बारदांडा, मान्य, पण लाँचलाही जागा लागतेच ना? खालच्या अंगाला 100 मीटर रिकामी वाळू ठेवायला कोण सांगणार? ती जागा आखलीच पाहिजे. काइट उतरवली की दोऱ्या बारवर गुंडाळायच्या, वाटेत पसरून चहा प्यायला जायचं नाही, हाही नियम त्याच आखलेल्या जागेचा.
उलटावारांचा वाऱ्याचा मुद्दा मात्र खरा आहे. मग रुंदी किनाऱ्यालगत कमी आणि पुढे वाढत गेलेली, नरसाळ्यासारखी ठेवा. नाहीतर वाऱ्याच्या दोन दिशांसाठी दोन जागा, आणि रोज सकाळी त्यातल्या एकीवर झेंडा.

उलटावारा
नरसाळं चालेल. झेंडा नाही. सकाळचा झेंडा दुपारच्या वाऱ्याला लागू पडत नाही. किनाऱ्यावर ऊन तापलं की वारा फिरतो. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला तर दोन्ही जागा बंद करायला लागतील, कारण बोर्ड हरवलेला माणूस थेट खोल समुद्रात वाहत जातो. झेंडा त्या क्षणी कोण उतरवणार, तो माणूस दिवसभर तिथे असणार का, हे ठरल्याशिवाय बोयांवर पैसे घालू नका.

ओहोटी
आणि बोर्डावर, काइटवर नाव-फोन नंबर लिहायची सक्ती आजच करा. रिकामी काइट तरंगताना दिसली की बचाव पथक बोट काढतं, आणि मालक घरी जेवत असतो. त्याला एक फोन लागला तरी शोध थांबतो.