ट्रेकसाठी न मिटणारा सुरा: मूठ टोचू नये, धार टिकावी. कोणता घ्यावा?

पिठलंभाकरी

राम राम मंडळी. सुऱ्यांवर आधीचा एक धागा सापडला, पण तो स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचा निघाला, म्हणून हा नवा.

आमचा आठ-दहा जणांचा कंपू आहे. पावसाळा सरला की महिन्याला एक मुक्कामी ट्रेक. चूल माझ्याकडे असते (आयडीवरून कळलंच असेल). गेल्या थंडीत ऑनलाइन एक सुरा मागवला. फोटोत काय रुबाब! पातं ५ मिमी जाड, मुठीला बोटं बसायला चार खाचा, पाठीवर करवतीचे दात. पहिल्याच मुक्कामाला दोन किलो कांदे-बटाटे चिरले, वाळल्या बांबूच्या सहा खुंट्या तासल्या आणि तेवढ्यात अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात एक फोड, करंगळीखाली दुसरा. बटाटा चिरला जात नव्हता, फुटत होता. सकाळी टोमॅटोवर सुरा ठेवला तर टोमॅटो नुसता खाली बसला.

आता दुसरा घ्यायचाय. तासभर वापरला तरी हात दुखू नये आणि दोन दिवसांत परत धार लावायला लागू नये, एवढंच मागणं. हात लहान आहे. घडीचा चाकू नको, सांध्यात पिठलं वाळून बसतं, तो छळ सोसून झालाय.

यादीत मोरा कंपॅनियन, ईएसईई ४ आणि फेलक्निवेन एफ१ आहेत. एक मित्र म्हणतो, "डी२ पोलाद असेल तोच घे, बाकी सगळा पत्रा." खरं का?

कातळकडा

मोरा घ्या, धागा बंद करा. :)

पिठलंभाकरी

@कातळकडा, का ते पण सांगा की! तीन सुऱ्यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक आहे. स्वस्त म्हणून सांगताय की चांगला म्हणून?

कातळकडा

बरं, बैजवार लिहितो. तुमच्या कामात नव्वद टक्के भाजी आणि दहा टक्के खुंट्या. म्हणजे पातळ पातं हवं. कंपॅनियनचं स्टेनलेस पातं १०४ मिमी लांब, २.५ मिमी जाड. ईएसईई ४ चं जवळपास दुप्पट जाड, आणि सुरा एकटाच सव्वादोनशे ग्रॅम भरतो. तो वाईट नाही, उलट फार भरवशाचा आहे, पण त्याचा जन्म कांदे चिरायला झालेला नाही. पात्यावर सोटा मारून ओंडका फाडायचा असेल तर तो. तुम्ही ओंडके फाडत नाही, आणि आपल्या डोंगरात फाडूही नयेत.

मुठीबद्दल. खाचा पाडलेली मूठ ज्याच्या मापाने खाचा पाडल्या त्याच्याच हाताला बसते. तुमची करंगळी तिसऱ्या आणि चौथ्या खाचेमधल्या उंचवट्यावर येत असणार, फोड तिथलाच. साधी, मधे किंचित फुगीर, काप लंबगोल अशी मूठ असली की हात आपली जागा आपण शोधतो. कंपॅनियनची तशी आहे, वर रबरासारखं आवरण, ओल्या हातातही घसरत नाही.

आणखी एक बघा. मूठ जिथे संपते तिथे धार लगेच सुरू होते की मधे बोटभर कोरी जागा सोडलीय? खुंटी तासताना जोर मुठीजवळच्या धारेवर लागतो. धार लांब गेली की मनगटावर ताण येतो, आणि आपण खापर मुठीवर फोडतो.

उत्तरवारा

गोथेनबर्गहून लिहितोय, त्यामुळे मोराबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क बजावतो.

हे सुरे डालारना प्रांतातल्या मोरा गावाजवळचे. इथे तो 'ट्रेकिंगचा' सुरा वगैरे नाही, सुताराच्या कमरेला, रंगाऱ्याच्या डब्यात कुठेही दिसतो. शाळेत हस्तकला हा सक्तीचा विषय आहे, त्यात पोरं लाकूड तासायला शिकतात. माझ्या मुलीने केलेला लोण्याचा चपटा चमचा आमच्याकडे आठ वर्षं टिकलाय, भारतातून आणलेल्या तव्यापेक्षा जास्त.

लहान हाताला मोराचा जुना लाल बर्चच्या मुठीचा 'क्लासिक' बघा. मूठ पिंपासारखी, मधे फुगीर, टोकांना निमुळती. मी तो तासन्‌तास वापरलाय. पण साध्या क्लासिकला बोटाआड आडवा दांडा नाही, म्हणजे ओला हात पुढे घसरला तर थेट धारेवर. चुलीपाशी, तेलकट हाताने, अंधारात... तुमच्यासाठी मी कंपॅनियनच म्हणेन.

एफ१ एका सहकाऱ्याचा वापरून पाहिलाय. स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांसाठीचा सुरा तो. मधे व्हीजी१० हे कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंनी मऊ स्टेनलेस, असं तीन पदरी पातं. धार खरंच जास्त टिकते. पण ४.५ मिमी जाड आणि फुगीर घासणीचा (म्हणजे धारेकडे उतरणारी बाजू सपाट नाही, गोलसर), त्यामुळे घरी धार लावताना कोन सापडत नाही. मोराची घासणी सपाट: तो चकचकीत पट्टा पूर्ण दगडावर टेकवला की कोन आपोआप बरोबर. नवख्या माणसाला हा फरक पोलादापेक्षा मोठा.

रानमेवा_७७

कार्बनच्या पोलादाबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून. ईएसईईचं १०९५ म्हणजे साधारण ०.९५ टक्के कार्बनचं पोलाद, गंज रोखणारं क्रोमियम जवळजवळ नाहीच. धार सुरेख येते. पण आपली जुनी विळी आठवा: वांगं चिरलं की काळं, कांद्याला लोखंडाचा वास. तेच. पात्याला रंगाचा थर असतो, पण धारेवर रंग कसा असणार?

मी माझा कार्बनचा सुरा चिंचेच्या कोळाचा हात न पुसता म्यानात घातला आणि रविवारी रात्री सॅक तशीच कोपऱ्यात टाकली. चूक सगळी माझी. बुधवारी धारेवर भुरे ठिपके. पुसले, पण धार गेलेली. लोक म्हणतात धार कापण्याने जाते. ओल्या हवेत ती म्यानात बसल्या बसल्याही जाते. कोकणात उतरणार असाल तर डोळे मिटून स्टेनलेस.

लोहारवाडी

कोल्हापूरकडून. हौस म्हणून घरामागे भट्टी आहे, दहा-बारा वर्षं सुरे बनवतोय. मित्राच्या डी२ प्रकरणावर लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

आधी 'धार गेली' म्हणजे काय ते बघू. टोक घासून गोल होतं, हे एक. दुसरं, टोक वळतं: पोलाद मऊ असेल तर धार एका अंगाला लोळते. तिसरं, कपची उडते. आणि चौथं रानमेवा यांनी लिहिलं ते, गंज. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम, त्यामुळे आत कार्बाइडचे मोठे, कडक कण. काथ्या, पुठ्ठा, वाळू लागलेली दोरी असं घासणारं काही कापायचं तर डी२ चांगलं टिकतं. पण कण मोठे, म्हणून धार फार बारीक केली की कडेचा कण निसटतो आणि कपची जाते. शिवाय बारा टक्के क्रोमियम असून ते पुरतं स्टेनलेस नाही, बरंचसं क्रोमियम त्या कणांतच अडकलेलं असतं. घरच्या निसण्यावर ते घासायचं म्हणजे संध्याकाळ गेली.

उलट मोराचं १२सी२७: कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा, कण अगदी बारीक. कडकपणा रॉकवेल या मापावर ५६ ते ५८. भाजी, बांबू, सुतळी याला भरपूर. धार लवकर उतरते म्हणाल तर हो, डी२ पेक्षा उतरते. पण पाच मिनिटांत परत येते.

आता खरी गोष्ट. माझ्याकडे एक डी२ चा सुरा आला होता, मालकाची तक्रार 'धार टिकत नाही'. मोजलं तर दोन्ही बाजू मिळून कोन ५० अंशांच्या पुढे. सुरा कसला, पाचर ती. काथ्याची दोरी पाटावर ठेवून कापत गेलो, थोड्याच कापांत घसरायला लागला. मग तोच सुरा ३५ अंशांवर आणला. पोलाद तेच, पाणी (तापवून आणलेला कडकपणा) तेच, दोरीचं बंडल तेच. हात दुखला म्हणून मी थांबलो, सुरा थांबला नव्हता. बारीक कोनाची धार थोडी बोथट झाली तरी कापत राहते, कारण मागचं पोलाद पातळ असतं. मोराचा कोन पंचविशीच्या आसपास असतो, म्हणून 'स्वस्त' पोलाद असून तो महागड्यांच्या पंगतीत बसतो.

कोन फार बारीक केला की हाडावर किंवा लाकडाच्या गाठीवर धार वळते, हे आहेच. हाडं फोडायला कोयता असतो.

ताई, तुमचा जुना सुरा टाकू नका. फोटो टाकता का? मुठीचा आणि धारेचा, जवळून.

पिठलंभाकरी

@लोहारवाडी, फोटो टाकलेत. धारेजवळ निळसर-जांभळी झाक दिसतेय, ती डिझाइन आहे असं मला वाटलं होतं! ट्रेकच्या आधी सायकलवर धार लावणारे येतात त्यांच्याकडून एकदा लावून घेतली होती.

लोहारवाडी

डिझाइन नव्हे ते. धारेचं पाणी उतरलंय.

सुकी चकती जोरात फिरते, ठिणग्या उडतात, आपल्याला वाटतं काय झकास धार निघतेय. पात्याचं टोक कागदाएवढं पातळ, उष्णता जायला जागा नाही. निळा रंग आला म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास पोचलं. बहुतेक सुऱ्यांना कारखान्यात त्याहून कमी तापमानावर आणून कडकपणा राखलेला असतो. त्या पट्टीपुरतं पोलाद मऊ झालं, आता कितीही धार लावा, टोमॅटो बसणारच. त्या माणसाचा दोष म्हणत नाही, विळ्या-कोयत्यांचं साधं पोलाद हे सोसतं, आणि त्याला रुपयांत काम उरकायचं असतं.

उपाय: निळी पट्टी संपेपर्यंत पाण्याच्या दगडावर हाताने घासायचं. मिलिमीटरभर जाईल. आतलं पोलाद शाबूत असेल. मुठीच्या खाचांमधले उंचवटे कानशीने उतरवा, मग ८० चा आणि नंतर २४० चा पॉलिशपेपर. नाकावर फडका बांधा, ती धूळ वाईट.

वकीलबुवा_रिटायर्ड

सुरा कोणता ते तरुणांनी सांगितलं, कुठे न्यायचा ते मी सांगतो.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या नियमांतल्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी केलेले वगळून. तुमची चार इंची पाती त्यात बसत नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईहुकूम लागू असतो तेव्हा सुरा जवळ बाळगणं अंगाशी येऊ शकतं. सॅकच्या तळाशी, भांड्यांबरोबर, म्यानात ठेवा. कमरेला लटकवून एसटीत चढू नका. मेट्रोत आणि विमानाच्या केबिनमध्ये तर नाहीच.

ट्रेकर मंडळींना सहसा माहीत नसतं ते वेगळंच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत 'सुरे' स्पष्ट लिहिलेत. लांबीची अट नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड, भीमाशंकर, वासोटा ही सगळी अभयारण्यातली ठिकाणं. वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा, नाहीतर भाजी घरून चिरून न्या.

कातळकडा

+१. हरिश्चंद्रगडावर तसंही गुहेशेजारी पिठलं-भाकरी तयार मिळते. (आयडीला धक्का लागला असल्यास क्षमस्व.)

उत्तरवारा

अवांतर: इथेही सार्वजनिक ठिकाणी विनाकारण सुरा बाळगायला बंदी आहे. मासेमारी, काम, जंगलातली भटकंती असं सबळ कारण लागतं. ट्राममधून सुरा सॅकच्या आतच येतो-जातो.

शंकासूर

सगळं वाचलं, पण दुकानात सुरा हातात घेऊन नक्की बघायचं काय? दोन मिनिटं मुठीत धरला की सगळेच छान वाटतात.

कातळकडा

छान प्रश्न. घट्ट धरा आणि तीसपर्यंत मोजा, मग हात उघडून तळवा बघा. लाल रेघ किंवा ठिपका जिथे उमटेल तिथे पुढे फोड येणार. मग अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून दाबा. चकमक घासता यावी म्हणून काही पात्यांच्या पाठी काटकोनी, धारदार कडेच्या ठेवतात, त्या अंगठ्याला चावतात. शेवटी सुरा उलटा, धार आपल्यापासून लांब करून धरा. लंबगोल मूठ तेव्हाही बसते, खाचांची नाही.

पिठलंभाकरी

सगळ्यांचे आभार, अपडेट देतेय.

कंपॅनियन स्टेनलेस घेतला. तीस आकडे मोजून तळवा बघितला, दुकानदार माझ्याकडे बघत होता. गेल्या शनिवारी राजमाचीला नेला. कांदे, बटाटे, एक अख्खा लाल भोपळा आणि खुंट्या. फोड नाही. भोपळ्यात मात्र पातं छोटं पडतं, फिरवून फिरवून कापावा लागला. रविवारी सकाळी टोमॅटो चिरला गेला, पण पहिल्या दिवसासारखा नाही. मग गावातल्या घरी चहाचा कप पालथा घालून बुडाच्या खरखरीत कडेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ वेळा ओढला (आजी विळीला असंच करायची), परत चालू.

@लोहारवाडी, जुन्याची निळी पट्टी घासायला दोन रविवार गेले. खाचा उतरवल्या, मूठ आता आंघोळीच्या साबणासारखी दिसते. ट्रेकला न्यायला म्हणून शोधला तर जागेवर नाही. आईने नारळ सोलायला ठेवून घेतलाय, आणि मागितला तर म्हणते, "तुझा नवीन आहे ना?"

लोहारवाडी

आईंना सांगा, वापरून झाला की पुसून ठेवा म्हणावं. आणि सायकलवाल्याला देऊ नका.