मदत हवी आहे: ब्रेक दाबला की उजवा टेल लाइट विझतो, तीन बल्ब बदलून झाले

अबोली:
नमस्कार मंडळी,
गाडीच्या मागच्या दिव्यांबद्दल मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते.

गाडी २०१२ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. मी चिपळूणजवळ राहते. आई कराडला असते, तिची तब्येत नाजूक आहे. त्यामुळे दर शनिवारी शाळा सुटली की कुंभार्ली घाट चढून जाते आणि रविवारी संध्याकाळी परत उतरते. पावसाळ्यात घाटात भर दिवसाही धुकं असतं, पुढच्या गाडीचे लाल दिवे धरूनच सगळे गाडी हाकतात. म्हणून हा दिवा माझ्यासाठी किरकोळ गोष्ट नाही.

जूनमध्ये उजवा टेल लाइट गेला. गॅरेजमध्ये बल्ब बदलून घेतला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा नवा बल्ब. दोन्ही वेळा अर्धा दिवस मोडला, म्हणून तिसऱ्या वेळी घरीच बदलला. डिकी उघडून दिव्याच्या कडेचे दोन स्क्रू काढले आणि दिवा सरळ मागे ओढला. बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या आहेत, तिरका ओढला असता तर त्या मोडल्या असत्या. होल्डर डावीकडे फिरवून बाहेर घेतला, बल्ब आत दाबून फिरवला, निघाला. जुना बल्ब दुकानात दाखवून तसाच आणला, १२ व्होल्ट, २१/५ वॉट. बसवला, लागला.

गेल्या रविवारी कोयनानगरला चहाला थांबले, तर मागून आलेल्या एसटीचे चालक मुद्दाम उतरून सांगायला आले. "ताई, तुमचा उजवीकडचा लाल दिवा ब्रेक मारला की विझतोय. वळणावर मला वाटलं पुढे मोटारसायकल चाललीय." ते ऐकून पोटात गोळा आला.

घरी आल्यावर भाच्याला मागे उभं करून पाहिलं. दिवे लावले की उजवा टेल लाइट लागतो, डाव्यापेक्षा किंचित फिका. त्यात ब्रेक दाबला की डावा झगझगीत होतो आणि उजवा जवळजवळ विझतो. सगळे दिवे बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला तर उजवीकडे ब्रेक लाइट नीट लागत नाही, उलट उजवा इंडिकेटर मंद पेटल्यासारखा दिसतो. हे शेवटचं तर मला काहीच कळलं नाही.

बल्ब सारखा का जातोय? घरच्या घरी काही करता येईल का? की सरळ एलईडी लावून टाकू? पुढच्या शनिवारच्या आत काही झालं तर फार बरं होईल.

वाटसरू:
माझ्याही गाडीचे बल्ब असेच जायचे. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा. साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवं. पंधराच्या वर जात असेल तर चार्जिंगमध्ये दोष आहे आणि कितीही बल्ब घाला, उडणारच. एलईडी लावल्या तर बल्बची कटकटच संपेल असं मला वाटतं.

मृद्गंध:
बल्ब उलटा तर बसला नाही ना? दोन फिलामेंटच्या, म्हणजे आत पेटणाऱ्या दोन तारांच्या बल्बला बाजूच्या दोन पिना एका उंचीवर नसतात, एक वर, एक खाली. बरोबर बाजूनेच बसावा म्हणून तसं केलेलं असतं. पण होल्डर जुना होऊन सैल झाला की जोर लावून उलटाही बसतो. मग २१ वॉटची तार टेल लाइटला लागते आणि ५ वॉटची ब्रेकला.

तारयंत्री:
अबोलीताई, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की गाडी न बघताही सांगतो, बल्बचा दोष नाही. अर्थ गेली आहे, म्हणजे दिव्यातला करंट गाडीच्या पत्र्यात परत नेणारी जोडणी. तीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय, ही तक्रार दर पावसाळ्यात येते.

आधी एक काम करा. काढलेले जुने बल्ब ठेवले असतील तर ते उजेडात धरून बघा. आत दोन तारा दिसतील, एक जाड, एक बारीक. दोन्ही अखंड आहेत का?

मृद्गंध, उलटा बल्ब असता तर नुसते दिवे लावल्यावर उजवा डाव्यापेक्षा जास्त उजळ दिसला असता. इथे तो फिका आहे, म्हणजे ते कारण नाही. आणि वाटसरू, चार्जिंग जास्त असतं तर सगळीकडचे बल्ब उडाले असते, एकट्या उजवीकडचे नव्हे.

अबोली:
काका, गॅरेजमधून जुने बल्ब मागून घेतले होते, ते डब्यात होते. आत्ता पाहिले. पहिल्याची काच आतून काळी पडली आहे आणि बारीक तार तुटलेली आहे. पण दुसरा आणि तिसरा स्वच्छ आहेत! दोन्ही तारा सलग दिसतात. म्हणजे ते गेलेच नव्हते?

तारयंत्री:
नव्हतेच. पहिला खरोखर गेला. पुढचे दोन चांगले असताना काढले. बल्ब काढताघालताना होल्डर हलतो, गंज थोडा खरवडला जातो, दिवा लागतो आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. काही दिवसांनी पुन्हा मूळपदावर.

आता तुमच्या इंडिकेटरचं कोडं. त्या दिव्यातल्या टेल, ब्रेक आणि इंडिकेटर या तिघांची परतीची वाट एकच, बहुधा काळ्या रंगाची वायर, जी पत्र्याला जोडलेली असते. ती वाट तुटली किंवा गंजली की ब्रेकच्या तारेतून आलेल्या करंटला बाहेर पडायला जागा नाही. मग तो शेजारच्या तारांतून उलटा शिरतो. इंडिकेटरच्या तारेतून मागे जाऊन पुढच्या इंडिकेटरमार्गे अर्थ शोधतो, म्हणून इंडिकेटर मंद पेटतो. रात्री दिवे चालू असताना टेलच्या तारेतही १२ व्होल्ट आणि ब्रेकच्या तारेतही १२. दोन्हीकडून सारखाच दाब, वाहायला उतारच नाही, म्हणून दिवा वाढायच्या ऐवजी विझतो. टेलची तार ५ वॉटची, अर्धामुर्धा करंट घेते, म्हणून गंजलेल्या जोडातूनही ती कशीबशी लागते. ब्रेकच्या तारेला पावणेदोन अँपिअर लागतात, तिथे जोड हार मानतो.

एक परीक्षा घ्या. सगळे दिवे बंद ठेवून ब्रेक दाबा आणि नंबर प्लेटचा दिवा बघा. तोही मिणमिणत असेल तर शंकाच उरली नाही.

वाटसरू:
काका, हे मला माहीत नव्हतं. एलईडीचा सल्ला मागे घेतो.

तारयंत्री:
बरं केलंत. अर्थ खराब असताना एलईडी घातली तर ती कधी अर्धवट पेटते, कधी लुकलुकते, आणि दोष आणखी लपतो. शिवाय इंडिकेटरला एलईडी घातली तर वॉट कमी पडल्याने बऱ्याच गाड्यांत फ्लॅशर दुप्पट वेगाने वाजायला लागतो.

अबोली:
नंबर प्लेटचा दिवा खरंच मिणमिणतोय! आता पुढे काय करू? उद्या सुट्टी आहे.

तारयंत्री:
सामान: हातभर वायर, बारीक पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि थोडं व्हॅसलिन.

दिवा काढा, पण वायरचा सॉकेट काढू नका. दिवे लावा. हातभर वायरचं एक टोक होल्डरच्या काळ्या वायरच्या पट्टीला टेकवा, दुसरं टोक डिकीच्या आतल्या एखाद्या उघड्या बोल्टला, जिथे रंग नाही अशा जागी. भाच्याला ब्रेक दाबायला सांगा. दिवा झगझगीत लागला तर दोष अर्थचाच. वायर चुकून दुसऱ्या रंगाच्या पट्टीला लागू देऊ नका, फ्यूज उडेल. रंगावर पूर्ण भरवसा नको, आधी मल्टिमीटरने खात्री केलीत तर उत्तम.

मग दिवे बंद करून दहा मिनिटं थांबा, कारण २१ वॉटचा बल्ब बोट भाजेल इतका तापतो. सॉकेट काढा, आत हिरवट पांढरी पूड दिसेल. ब्रशने झाडा, स्प्रे मारा, पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. सैल झालेली पट्टी बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकेच आत दाबा. काळी वायर मागे मागे शोधत जा, ती कुठेतरी पत्र्याला बोल्टने आवळलेली असेल. तो बोल्ट काढून खालचा पत्रा आणि वायरचा डोळा दोन्ही घासा आणि घट्ट आवळा. व्हॅसलिन सगळं जोडून झाल्यावर वरून लावा. आधी लावू नका.

निसर्गवेडी:
ताई, दिव्याच्या मागचं रबर किंवा फोमचं पॅकिंगही बघा. आम्ही देवरुखला असतो, माझ्या गाडीत तिथूनच पाणी शिरायचं. पॅकिंग चपटं झालं असेल तर बदला, नाहीतर महिनाभरात हिरवी पूड परत येईल. आणि काचेच्या खालचं बारीक भोक सिलिकॉनने बुजवू नका. ते पाणी निघून जायला असतं. मी बुजवलं होतं, दिव्यात तळं साचलं.

अबोली:
मंडळी, झालं!

हातभर वायर टेकवली आणि दिवा असा लागला की भाचा ओरडलाच. सॉकेट उघडला तर काळ्या वायरची पट्टी अक्षरशः हिरवी झाली होती आणि भोवतालचं प्लास्टिक तापून तपकिरी पडलं होतं. घासून स्वच्छ केली. अर्थचा बोल्ट डिकीच्या गालिच्याखाली उजव्या कोपऱ्यात सापडला, तिथे स्टेपनीच्या खड्ड्यात ओलही होती. पॅकिंग एका कोपऱ्यात फाटलेलं निघालं, दुकानातून फोमची पट्टी आणून लावली. डबीतला दुसरा बल्बच बसवला, नवा घेतला नाही. आता दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ब्रेकला इंडिकेटर पेटत नाही, नंबर प्लेटही नाही.

मग डावी बाजूही उघडली. तिथेही पट्टीच्या कडेला हिरवं धरायला लागलं होतं, तीही साफ केली.

तारयंत्री काका, मनापासून आभार. आईला फोनवर सांगितलं, तिने तुम्हाला आशीर्वाद कळवलेत. एक शेवटचं विचारते: तपकिरी पडलेला सॉकेट असाच चालेल का?

तारयंत्री:
आईंना माझा नमस्कार सांगा. सॉकेट पावसाळाभर चालेल, पण पट्टीची पकड तापल्यामुळे कमी झालेली असते. दिवाळीच्या सुमारास वायरसकट नवा होल्डर मिळतो तो घाला, जोड नुसता पिळून टेप लावू नका, सोल्डर करून घ्या. तोवर दर शनिवारी निघायच्या आधी गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि ब्रेक दाबून आरशात बघा. भिंतीवर लाल उजेड दोन्हीकडे सारखा पडला पाहिजे.

अबोली:
बघते. आज संध्याकाळीच निघते आहे.