पळून थांबलं की छातीत धोटा अडकल्यासारखं होतंय

जॉबर_४४
नमस्कार मंडळी. वय ४४, सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर (माग दुरुस्त करणारा) आहे. वजन ८६ वर गेलं म्हणून दिवाळीनंतर कंबर तलावाकडं पळायला सुरुवात केली. थंडीत काहीच वाटलं नाही. आता एप्रिल लागला, ड्यूटीमुळं सकाळ जमंना, म्हणून संध्याकाळी सहाला जातो. आपल्याकडं सहाला पण रस्ता तव्यासारखाच असतोय, ते सोडा.

पंधराएक मिनिटं पळालो की धडधड कानात ऐकू येते. ते एक ठीक. थांबून कट्ट्यावर बसलो की खरी गंमत. एक ठोका चुकल्यासारखा, क्षणभर काहीच नाही, मग एकदम दणका. मागातला धोटा (शटल) मध्येच अडकून सुटावा तसं. मिनिटात तीन-चार वेळा. वीस वर्षं नुसत्या आवाजावरून मागाचा बिघाड ओळखतोय, पण स्वतःच्या छातीतलं काही कळंना झालंय. पोराच्या घड्याळात १७२ दिसले. चक्कर नाही, दुखत नाही. चहा दिवसाला सात-आठ. तंबाखूचा मावा चार महिन्यांपूर्वी सोडला (खरंच). बायको म्हणते पळणं बंद. काय करू?

पावणा_नवीपेठ
गॅस असतोय ओ. रात्री शेंगाचटणी कमी खावा, सकाळी जिऱ्याचं पाणी. एवढं काय नसतंय.

सिस्टर_ईसीजीवाली
पावणं, तुमचं जिऱ्याचं पाणी बाजूला ठेवा जरा.

दादा, मिनिटाला जास्तीत जास्त ठोके म्हणजे २२० वजा वय, म्हणजे तुमचे १७६. हा ढोबळ अंदाज, दहा-बारा इकडंतिकडं चालतं. म्हणजे १७२ ला तुम्ही जवळजवळ पूर्ण ताकदीनं पळताय. घड्याळही पळताना चुकतं, कधी कधी हाताच्या हेलकाव्यालाच ठोका समजून मोजतं. त्यात ऊन. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडं जातं, घामानं पाणी कमी होतं, मग तेवढंच रक्त फिरवायला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं.

आता तुमचा धोटा. ठोका चुकत नसतो, एक ठोका आगाऊ येतो. हृदय तोवर भरलेलं नसतं म्हणून तो जाणवत नाही. मग थोडी विश्रांती, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून बसतो. पळणं थांबल्यावर हे बऱ्याच जणांना होतं, कारण वेग उतरत असतो आणि पळतानाचं अ‍ॅड्रेनलिन रक्तात अजून असतंच. एकदम बसू नका, पाच-दहा मिनिटं चाला.

पण पळतापळता असे ठोके वाढत असतील, डोळ्यापुढं अंधारी येत असेल, छाती-जबडा-हात दुखत असेल, तर पळणं लगेच बंद. घरात कोणी कमी वयात अचानक गेलंय का?

विजापूररोडकर
माझं वेगळं होतं, तुलनेसाठी सांगतो. बॅडमिंटन खेळताना बटण दाबल्यासारखे एकदम १९०. बसलो, पाणी प्यालो, वीस मिनिटं तस्संच. मग खट्कन बंद. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल, असं दोनदा झालं. डॉक्टर म्हणाले, टेबलावर बोटानं ठोका वाजवून दाखवा. मी टकटकटकटक एकसारखं वाजवलं. सुरू कसं होतं, बंद कसं होतं, ताल सारखा की वेडावाकडा, एवढंच त्यांना हवं होतं. एसव्हीटी (एकदम सुरू होणारी जलद धडधड) निघालं, कारण हृदयातल्या वायरिंगचा एक जादा रस्ता. तोही पुढच्या वेळी ईसीजीत सापडला तेव्हा कळलं.

जॉबर_४४
माझं हळूहळू चढतं, हळूहळू उतरतं. सिस्टर, वडील ५१ व्या वर्षी गेले. मागासमोरच. चक्कर आली म्हणून बसले ते उठलेच नाहीत.

सिस्टर_ईसीजीवाली
अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं की ओ! बाप किंवा भाऊ ५५ च्या आत हृदयानं गेला असेल तर तो धोका आपल्याही खात्यात धरतात. तुमचे कशानं गेले ते आता कळणार नाही, पण धरून चालायचं. तपासणी होईपर्यंत पळणं बंद, सपाटीवर सावकाश चालणं चालेल. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी), हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल. वहिनींचं यावेळी ऐका.

जॉबर_४४
पंधरा दिवसांनी लिहितोय. इको चांगला. टीएमटीत वेग वाढला तसे आगाऊ ठोके गायब झाले, थांबल्यावर परत आले. डॉक्टर म्हणाले, असंच असलेलं बरं. कोलेस्टेरॉल मात्र वाढलेलं, गोळी सुरू झाली. चहा तीनवर आणलाय, डोकं धरतंय. सोमवारपासून पहाटे साडेपाचला जायचं, शेजारचा माणूस बोलला तर उत्तर देता येईल एवढ्याच वेगानं.

चोवीस तासांचं होल्टर (अंगावर लावायचं ईसीजीचं यंत्र) लावून ड्यूटी पण केली. छातीवरच्या वायरी बघून सुपरवायझरनं वीस वर्षांत पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली.